सहसंबंध कसा काढायचा आणि कसा वाचायचा: एल निनो आणि मान्सूनच्या आठ वर्षांवरून

दोन रकान्यांत आकडे आहेत. एक वाढला की दुसराही वाढतो का, की घटतो, की दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणंच नाही? सहसंबंध गुणांक या प्रश्नाचं उत्तर -१ ते +१ मधल्या एका आकड्यात देतो. तो आकडा काढायला एक्सेलमध्ये अर्धं मिनिट पुरतं, हाताने केलं तर वीस मिनिटं. घोळ होतात ते आकडा काढण्याच्या आधी आणि काढून झाल्यानंतर. म्हणून सूत्र इथे पूर्ण सोडवून दाखवलं असलं, तरी जास्त जागा त्याच्या मागच्यापुढच्या कामाला दिली आहे.

उदाहरण खरंखुरं घेऊ. दरवर्षी उन्हाळ्यात बातम्या येतात की यंदा एल निनो आहे, पाऊस कमी पडणार. एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. त्या भागातल्या एका ठरावीक पट्ट्याचं तापमान सरासरीपेक्षा किती वरखाली आहे हे मोजतात. अर्धा अंश किंवा त्याहून जास्त वर राहिलं तर एल निनो, तेवढंच खाली राहिलं तर ला निना. इकडे भारतीय हवामान विभाग जून ते सप्टेंबरचा देशभरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत सांगतो. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण, ९० च्या खाली म्हणजे तुटीचा. समुद्राचं तापमान आणि पाऊस, हे झाले आपले दोन चल. पहिल्याला क्ष म्हणू, दुसऱ्याला य.

आधी जोड्या लावा

सहसंबंध जोड्यांवर चालतो. एका ओळीतले दोन्ही आकडे एकाच वर्षाचे, एकाच विद्यार्थ्याचे किंवा एकाच शेताचे असायला हवेत. क्ष चा रकाना एका क्रमाने आणि य चा दुसऱ्याच क्रमाने लावला असेल तर उत्तर येतं, पण ते निरर्थक असतं आणि संगणक तक्रारही करत नाही. एक्सेलमध्ये फक्त एकच रकाना निवडून 'सॉर्ट' केल्यामुळे हे सर्रास होतं. म्हणून डावीकडे ओळख सांगणारा रकाना (वर्ष, हजेरी क्रमांक, गट क्रमांक) कायम ठेवायचा आणि सॉर्ट करताना सगळे रकाने एकत्र निवडायचे.

ही आपली आठ वर्षं. पहिला आकडा जुलै ते सप्टेंबरमधल्या समुद्राच्या तापमानाचा सरासरीपासूनचा फरक, अंश सेल्सियसमध्ये, जवळच्या अर्ध्या अंशाला गोल केलेला. दुसरा आकडा त्या वर्षीचा मान्सूनचा पाऊस, दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत.

१९९७: +२.० आणि १०२
२००२: +१.० आणि ८१
२००९: +०.५ आणि ७८
२०१०: -१.५ आणि १०२
२०१५: +२.० आणि ८६
२०२१: -०.५ आणि ९९
२०२२: -१.० आणि १०६
२०२३: +१.५ आणि ९४

ही वर्षं हिशेब शिकायला निवडलेली आहेत, मान्सूनबद्दल निकाल द्यायला नव्हे. त्यासाठी मधलं एकही वर्ष न गाळता सलग मालिका घ्यावी लागते. 'सोयीची वर्षं निवडली' हा आक्षेप सहसंबंधाच्या कुठल्याही अभ्यासावर सगळ्यात आधी घेतला जातो, आणि तो घेतलाच पाहिजे.

ठिपके काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर -२ ते +२.५, उभ्या अक्षावर ७५ ते ११०. उभा अक्ष शून्यापासून सुरू करायची गरज नाही. केला तर सगळे ठिपके वरच्या कोपऱ्यात दाटतील आणि काहीच दिसणार नाही. प्रत्येक वर्षाचा एक ठिपका द्या आणि त्याच्याशेजारी वर्ष लिहा. याला विकीर्ण आकृती म्हणतात, एक्सेलमध्ये 'स्कॅटर'. तिथे चुकून 'लाइन' हा प्रकार निवडला जातो आणि दोन वेगळ्या रेघा वरखाली जाताना दिसतात. ती विकीर्ण आकृती नव्हे.

आता बघा. वर डावीकडे २०१०, २०२२ आणि २०२१: समुद्र थंड, पाऊस चांगला. खाली मधोमध २००९ आणि २००२, थोडं उजवीकडे २०१५. म्हणजे डावीकडून उजवीकडे उतार आहे. पण १९९७ चा ठिपका एकटाच वर उजव्या कोपऱ्यात बसला आहे. समुद्र दोन अंशांनी तापलेला आणि तरी पाऊस १०२ टक्के. हा ठिपका लक्षात ठेवा, पुढे तोच सगळ्यात जास्त शिकवणार आहे.

आकृतीत तीन गोष्टी तपासायच्या. ठिपक्यांचा रोख साधारण सरळ रेषेसारखा आहे का? कळपापासून तुटलेला एखादा ठिपका आहे का? आणि ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके तर पडलेले नाहीत ना? तिन्हींची उत्तरं मिळाली की मगच सूत्राकडे वळायचं.

हाताने हिशेब

एकदा तरी हा हिशेब हाताने करावा. गुणांक कशाचा बनतो हे त्याशिवाय कळत नाही.

प्रथम सरासरी. क्ष ची बेरीज ४.०, भागिले ८, म्हणजे ०.५. य ची बेरीज ७४८, भागिले ८, म्हणजे ९३.५.

मग प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करायची. याला विचलन म्हणतात. नंतर एकाच वर्षाच्या दोन विचलनांचा गुणाकार.

१९९७: १.५ गुणिले ८.५ = १२.७५
२००२: ०.५ गुणिले -१२.५ = -६.२५
२००९: ० गुणिले -१५.५ = ०
२०१०: -२.० गुणिले ८.५ = -१७.००
२०१५: १.५ गुणिले -७.५ = -११.२५
२०२१: -१.० गुणिले ५.५ = -५.५०
२०२२: -१.५ गुणिले १२.५ = -१८.७५
२०२३: १.० गुणिले ०.५ = ०.५०

इथे थांबून एक तपासणी करा. क्ष च्या विचलनांची बेरीज शून्य यायला हवी, य च्याही. येत नसेल तर सरासरी चुकली आहे किंवा उण्याचं चिन्ह राहिलं आहे. बऱ्याच चुका या जागी सापडतात.

गुणाकारांची बेरीज -४५.५ येते. सहसंबंधाचं सगळं मर्म या रकान्यात आहे. २०१० साली समुद्र सरासरीच्या खाली आणि पाऊस वर, म्हणून गुणाकार ऋण. १९९७ ला दोन्ही वर, म्हणून धन. दोन्ही आकडे एका बाजूला गेले की बेरजेत भर पडते, उलट्या बाजूंना गेले की घट होते. २००९ पाहा: पाऊस भयानक कमी, पण समुद्राचं तापमान नेमकं या आठ वर्षांच्या सरासरीवर, म्हणून त्या वर्षाने या बेरजेत काहीच टाकलं नाही.

आता विचलनांचे वर्ग. क्ष च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १३. य च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ७८४. १३ चं वर्गमूळ ३.६०६ आणि ७८४ चं २८. त्यांचा गुणाकार १००.९६.

सहसंबंध गुणांक, आर = -४५.५ भागिले १००.९६ = -०.४५.

पुस्तकात हेच सूत्र सहप्रचरण (विचलनांच्या गुणाकारांची सरासरी) भागिले क्ष आणि य च्या प्रमाण विचलनांचा (विचलनांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) गुणाकार असं दिलेलं असतं. उत्तर तेच येतं, पण एक सापळा आहे. सहप्रचरण आणि प्रमाण विचलन काढताना काही ठिकाणी ८ ने भागतात, काही ठिकाणी ८ वजा १, म्हणजे ७ ने. दोन्हीकडे एकच भाजक असेल तर तो छाटला जातो. सहप्रचरण ८ ने काढलं आणि प्रमाण विचलन ७ ने, तर -०.४५ च्या जागी -०.३९ येतं. एक्सेलमध्ये सहप्रचरणाची आणि प्रमाण विचलनाची प्रत्येकी दोन फंक्शन्स आहेत, एक 'पी' शेवटाचं आणि एक 'एस' शेवटाचं. दोन्हीकडे शेवटचं अक्षर सारखंच ठेवायचं.

एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये

वर्ष पहिल्या रकान्यात, तापमान दुसऱ्यात, पाऊस तिसऱ्यात. रिकाम्या चौकटीत बरोबरचं चिन्ह टाकून 'कोरेल' हे फंक्शन लिहा (स्पेलिंग सी, ओ, दोनदा आर, ई, एल). कंसात आधी तापमानाचे आठ आकडे निवडा, स्वल्पविराम, मग पावसाचे आठ. एंटर. -०.४५०७ दिसलं की हाताचा हिशेब बरोबर होता.

वेगळं काही आलं तर पुढच्या गोष्टी बघा. पीडीएफ किंवा वेबसाइटवरून आकडे चिकटवले असतील तर उण्याच्या जागी पुष्कळदा लांब आडवी रेघ येते. दिसायला ती उणेच असते, पण संगणक त्या चौकटीला अक्षरं समजतो आणि ती जोडी गुपचूप वगळतो. देवनागरी अंकांचंही बहुधा तेच होतं. ओळखायचं कसं? आकडा असेल तर तो आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला सरकतो, अक्षरं डावीकडे राहतात. खात्रीसाठी 'काउंट' फंक्शन दोन्ही रकान्यांवर चालवा, दोन्हीकडे ८ आलं पाहिजे. ७ आलं तर एक चौकट बिघडलेली आहे. आणखी एक: मोजमाप उपलब्ध नाही म्हणून कुणी तिथे ० किंवा ९९९ लिहून ठेवलेलं असतं. संगणक ते खरं मानतो. अशी चौकट रिकामी करा.

-०.४५ म्हणजे काय?

चिन्ह दिशा सांगतं. उणे म्हणजे समुद्र तापला की पाऊस घटण्याकडे कल. आकडा सांगतो की ठिपके सरळ रेषेला किती चिकटून आहेत: १ म्हणजे सगळे रेषेवर, ० म्हणजे सरळ रेषेचा मागमूस नाही. ०.३ पर्यंत कमकुवत, ०.७ च्या पुढे पक्का असे कोष्टकी निकष पुष्कळ ठिकाणी छापलेले असतात. ते आंधळेपणाने वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन वजनकाट्यांमध्ये ०.९५ सुद्धा चिंतेचं असतं. मान्सूनसारख्या गुंतागुंतीच्या गोष्टीत ०.४५ कामाचं ठरू शकतं.

गुणांकाचा वर्ग केला तर ०.२० येतो. म्हणजे या आठ वर्षांतल्या पावसाच्या चढउताराचा सुमारे पाचवा हिस्सा सरळ रेषेने समुद्राच्या तापमानाशी जोडता येतो, उरलेले चार हिस्से इतर कारणांचे. 'पंचेचाळीस टक्के संबंध' असं मात्र कधीही लिहू नये. गुणांक टक्केवारी नसतो.

गुणांक आणि उतार यांचीही गल्लत होते. उतार वेगळा काढतात: -४५.५ भागिले १३, म्हणजे -३.५. समुद्र एक अंशाने जास्त तापला तर पाऊस सरासरी साडेतीन टक्क्यांनी कमी, हा उतार. तापमान फॅरनहाइटमध्ये मोजलं तर उतार बदलेल, गुणांक मात्र -०.४५ च राहील. ठिपके रेषेला घट्ट चिकटलेले असूनही उतार नगण्य असू शकतो. 'किती फरक पडतो' असा प्रश्न असेल तर उत्तर उतारात असतं.

१९९७ काढून पाहिलं तर

तो एकटा ठिपका आठवा. १९९७ वगळून उरलेल्या सात वर्षांचा हिशेब केला तर गुणांक -०.७० येतो. एका वर्षाने -०.४५ चं -०.७०.

मग १९९७ वगळायचं का? नाही. ठिपका तेव्हाच काढायचा जेव्हा मोजणी चुकल्याचा पुरावा असतो: यंत्र बिघडलं होतं, दशांश चिन्ह सरकलं होतं, दुसऱ्याच गावाचा आकडा लागला होता. १९९७ चा पाऊस खराच पडला होता. त्या वर्षी हिंदी महासागरातही मोठी उलथापालथ होती, पश्चिमेकडचं पाणी तापलेलं आणि इंडोनेशियाजवळचं थंड. हिंदी महासागरातल्या या झोक्याला 'द्विध्रुव' म्हणून ओळख मिळाली ती १९९९ मध्ये, आणि त्याने एल निनोचा परिणाम बऱ्याच अंशी झाकला असं स्पष्टीकरण त्यानंतर पुढे आलं. म्हणजे जो ठिपका 'बसत नव्हता' तोच तिसऱ्या चलाकडे बोट दाखवत होता. वगळून टाकला असता तर ती वाट बंद झाली असती. अशा वेळी दोन्ही गुणांक लिहावेत, त्या ठिपक्यासह आणि त्याच्याविना.

आता उलट कात्री लावून पाहू. फक्त एल निनोची वर्षं घ्या, म्हणजे १९९७, २००२, २००९, २०१५ आणि २०२३. या पाचांचा गुणांक +०.७७ येतो. चिन्हच पालटलं! एवढ्यावर कुणी 'एल निनो जितका तीव्र तितका पाऊस जास्त' अशी बातमी करू शकेल, आणि हिशेबात एकही चूक सापडणार नाही. चूक निवडीत आहे. क्ष चा पट्टा अरुंद केला की मूळ उतार दिसेनासा होतो, उरलेल्या मोजक्या ठिपक्यांची अपघाती मांडणी तेवढी दिसते. प्रवेश परीक्षेतून निवडलेल्याच विद्यार्थ्यांच्या गुणांचा पुढच्या कामगिरीशी संबंध तपासला तर तो क्षीण दिसतो, त्यामागेही पट्टा अरुंद होणं हे मोठं कारण असतं.

योगायोग किती?

दोन पूर्णपणे असंबद्ध रकाने घेतले तरी गुणांक नेमका शून्य येत नाही. जोड्या कमी असतील तर नुसत्या योगायोगाने मोठा गुणांक निघतो. म्हणून उंबरठे ठरलेले आहेत. दोन्ही चल साधारण घंटाकृती (मध्ये दाट, कडांना विरळ) पसरलेले असतील, तर पाच टक्के पातळीला (म्हणजे संबंध नसतानाही एवढा मोठा गुणांक शंभरात पाचच वेळा येईल) योगायोग नाकारण्यासाठी गुणांक (चिन्ह सोडून) निदान एवढा हवा: ५ जोड्यांना ०.८८, ८ ला ०.७१, १० ला ०.६३, २० ला ०.४४, ३० ला ०.३६, १०० ला ०.२०.

आपल्याकडे ८ जोड्या आणि ०.४५. उंबरठा ओलांडला नाही. १९९७ काढून ०.७० आला तोही नाही, कारण जोड्या सात उरल्या आणि सातांचा उंबरठा ०.७५ आहे. पाच वर्षांचा ०.७७ सुद्धा ०.८८ च्या खालीच. म्हणजे या तिन्ही गुणांकांपैकी एकावरही ठाम बोलता येत नाही. याचा अर्थ संबंध नाही असा होत नाही. आठ वर्षांत तो सिद्ध करण्याएवढा पुरावा नाही, एवढाच होतो. सुरुवात करणाऱ्यांनी शक्यतो ३० जोड्या जमवाव्यात.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. वीस वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले चल घेतले, त्यांतल्या एकाचाही पावसाशी संबंध नाही, आणि प्रत्येकाचा पावसाशी गुणांक काढला, तर निदान एक तरी पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडेल याची शक्यता ६४ टक्के असते. हा विषय आपल्याच मान्सूनच्या अभ्यासात ऐरणीवर आला. केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदींचे सहसंबंध त्यांनी कारकुनांच्या फौजेकडून हाताने काढून घेतले. प्रशांत आणि हिंदी महासागरावरच्या दाबाचा झोका त्यांना यातूनच सापडला, ज्याला आज 'दक्षिणी आंदोलन' म्हणतात आणि जो एल निनोचाच जोडीदार निघाला. शेकडो गुणांकांतून सर्वांत मोठा उचलला तर त्याला नेहमीपेक्षा कडक निकष लावायला हवा, हेही वॉकर यांनी दाखवून दिलं होतं. तरी पावसाच्या अंदाजासाठी निवडलेले काही संबंध पुढच्या दशकांत विरून गेले. (खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात.) यातून घ्यायचा धडा सरळ आहे: किती जोड्या तपासून हा एक गुणांक उचलला, ते लिहायचंच.

गुणांक फसवतो त्या जागा

वक्र संबंध. क्ष -२, -१, ०, १, २ आणि य त्याचा वर्ग, म्हणजे ४, १, ०, १, ४. संबंध शंभर टक्के पक्का, गुणांक बरोबर शून्य. शेतीत हे नेहमी भेटतं: नत्राची मात्रा वाढवत नेली की उत्पादन आधी वाढतं, मग थांबतं, मग पीक लोळतं. सगळ्या मात्रा एकत्र घेतल्या तर गुणांक 'खताचा उपयोग नाही' असं सांगेल.

एकच आकडा, चार चेहरे. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत सरासरी जवळपास सारखी, प्रचरण (विचलनांच्या वर्गांची सरासरी) सारखं, गुणांक ०.८२. आलेख काढले तर एकात साधा पसरलेला उतार, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एक भरकटलेला ठिपका, चौथ्यात एकावर एक उभे ठिपके आणि संबंध दिसतो तो फक्त दूरच्या एका ठिपक्यामुळे. ठिपके आधी काढा असं वर का म्हटलं, ते या चार आकृत्या पाहून पटेल.

मिसळलेले गट. उंची वाढली की पाऊस वाढतो का? रत्नागिरी समुद्रसपाटीला आहे आणि तिथे धो धो पाऊस पडतो. पुणे साडेपाचशे मीटरवर, तिथे त्याच्या तुलनेत फारच कमी. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आणि पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात. तिथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला, जवळपास तेवढ्याच उंचीवर पाचगणी, आणि पाऊस निम्म्याहूनही कमी. सगळी ठिकाणं एका आकृतीत टाकली तर उंचीचा परिणाम गोंधळून जातो, कारण खरी विभागणी घाटाच्या अलीकडची आणि पलीकडची अशी आहे. पश्चिम उतार आणि पर्जन्यछाया वेगळ्या रंगांत काढा, गुणांकही वेगळे काढा.

सरासऱ्यांचा सहसंबंध. जिल्ह्यांच्या किंवा शाळांच्या सरासऱ्या घेऊन काढलेला गुणांक माणसांना लागू करायचा नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे दाखवलं. ४८ राज्यांचे आकडे घेतले तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा गुणांक -०.५३, म्हणजे जणू परदेशी माणसंच जास्त शिकलेली. व्यक्तिश: मोजलं तर +०.१२. स्थलांतरित लोक साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. आपल्याकडे जिल्हानिहाय तक्ते सहज मिळतात, त्यामुळे ही चूक फार होते.

दोन्ही रकाने काळाबरोबर वाढणारे. दुचाकींची संख्या आणि सोन्याचा भाव घ्या; दोन्ही वर्षागणिक चढत आले, त्यामुळे गुणांक ०.९ च्या पुढे जायला काहीच अडचण नाही. उडनी यूल यांनी १९२६ मध्ये इंग्लंडमधला मृत्युदर आणि चर्चमधल्या विवाहांचं प्रमाण यांचा ०.९५ गुणांक काढून हाच मुद्दा मांडला होता. उपाय सोपा आहे: मूळ आकड्यांऐवजी दर वर्षाचा आधीच्या वर्षापासूनचा फरक घ्या आणि त्या फरकांचा सहसंबंध काढा. संबंध खरा असेल तर बहुधा तिथेही दिसतो.

अनुक्रमावरून सहसंबंध

आकड्यांऐवजी क्रम मिळाले असतील (स्पर्धेतले परीक्षकांचे क्रमांक, पसंतीचा क्रम), किंवा एखादा ठिपका फार दूर असेल, किंवा संबंध चढता पण वक्र असेल, तर चार्ल्स स्पिअरमन यांची १९०४ ची पद्धत वापरा. दोन्ही रकान्यांना लहानापासून मोठ्याकडे क्रमांक द्या. बरोबरीत आलेल्यांना क्रमांकांची सरासरी: आपल्याकडे २.० अंश दोनदा आला, ७ वा आणि ८ वा क्रमांक, म्हणून दोघांना ७.५. पावसात १०२ दोनदा, दोघांना ६.५. प्रत्येक वर्षाच्या दोन क्रमांकांतला फरक काढून त्याचा वर्ग करा. बेरीज ११३.५ येते. १ वजा [(६ गुणिले ११३.५) भागिले (८ गुणिले ६३)], इथे ८ म्हणजे जोड्या आणि ६३ म्हणजे ८ चा वर्ग वजा १. उत्तर -०.३५.

हे सूत्र बरोबरी नसेल तेव्हाच तंतोतंत चालतं. बरोबरी असेल तर क्रमांकांच्याच रकान्यांवर 'कोरेल' चालवावं, इथे -०.३७ येतं. एक्सेलमध्ये क्रमांक देताना बरोबरीची सरासरी काढणारं 'रँक डॉट एव्हीजी' वापरा. साधं 'रँक' दोघांनाही एकच वरचा क्रमांक देऊन मोकळं होतं.

कारण कोणतं?

गुणांक क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी तोच राहतो. म्हणजे कोण कारण आणि कोण परिणाम हे त्याला ठाऊक असूच शकत नाही. युरोपातल्या १७ देशांत करकोच्यांच्या जोड्यांची संख्या आणि बाळांचे जन्म यांचा गुणांक ०.६२ आला होता, आणि तो योगायोगाचा उंबरठाही ओलांडत होता. मोठ्या देशात दोन्ही जास्त, इतकी साधी गोष्ट. म्हणून स्वतःला चार प्रश्न विचारायचे. उलट दिशा शक्य आहे का? दोघांना हलवणारं तिसरं काही आहे का? नमुना कसा निवडला? आणि एकातून दुसरं घडण्याची यंत्रणा माहीत आहे का? एल निनोच्या बाबतीत यंत्रणा माहीत आहे: तापलेल्या पाण्यामागे हवा वर चढण्याची जागा पूर्वेकडे सरकते आणि भारताच्या बाजूला हवा खाली दबली जाते. त्यामुळे इथला ऋण गुणांक गंभीरपणे घ्यावासा वाटतो, आठ वर्षांचा असला तरी.

निकाल कसा लिहायचा

नुसतं 'आर बरोबर -०.४५' लिहून सोडू नये. किती जोड्या, कोणती वर्षं आणि ती कशी निवडली, कोणता गुणांक (आपण आधी हाताने काढला तो पिअर्सनचा, क्रमांकांवरून काढला तो स्पिअरमनचा), विश्वास अंतराल, वेगळा पडणारा ठिपका आणि आकृती, एवढं हवंच. विश्वास अंतराल म्हणजे खरा गुणांक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा. मोफत सॉफ्टवेअर तो काढून देतं. आपल्या उदाहरणाचा अहवाल असा होईल:

'१९९७ ते २०२३ मधल्या निवडक ८ वर्षांत जुलै-सप्टेंबरमधला प्रशांत महासागराच्या तापमानाचा फरक आणि भारतातला मान्सूनचा पाऊस यांचा पिअर्सन सहसंबंध गुणांक -०.४५ आला (९५ टक्के विश्वास अंतराल -०.८८ ते +०.३७). तो पाच टक्के पातळीला अर्थपूर्ण नाही. १९९७ वगळल्यास गुणांक -०.७० होतो. अनुक्रम सहसंबंध -०.३७. वर्षं सलग नाहीत. विकीर्ण आकृती सोबत जोडली आहे.'

अंतराल किती रुंद आहे बघा: जवळजवळ पक्क्या ऋण संबंधापासून थोड्या धन संबंधापर्यंत. दशांशानंतर दोन अंक पुरतात. आठ जोड्यांवर -०.४५०७ लिहिलं तर नसलेली अचूकता दाखवल्यासारखं होतं.